राज्यसत्तेचें मूळ व तिचा पहारा : इराणच्या १९०७ च्या मूलभूत कायद्यावरून एक तुलना

इराणच्या राज्यघटनेला १९०७ सालीं जी पुरवणी जोडण्यांत आली, तिचें सव्विसावें कलम सांगतें कीं, राज्यांतील सर्व सत्ता राष्ट्रापासून, म्हणजे प्रजेपासून, उत्पन्न होतात. त्याच पुरवणीचें पसतिसावें कलम सांगतें कीं, राजपद ही ईश्वरी प्रसादानें प्रजेनें राजाच्या स्वाधीन केलेली ठेव आहे. या दोहोंच्याही आधीं, अगदीं आरंभीं, दुसरें कलम येतें. मजलिशीनें केलेला कोणताही कायदा इस्लामी धर्मशास्त्राविरुद्ध असतां कामा नये, तो तसा आहे कीं काय हें धर्मशास्त्रज्ञांनीं ठरवावें, आणि हें कलम गुप्त झालेले इमाम पुनः प्रकट होईपर्यंत बदलतां येऊं नये, असा त्याचा आशय आहे. सव्विसावें कलम बेल्जमच्या १८३१ च्या घटनेंतून जवळजवळ शब्दशः उचललेलें आहे. दुसऱ्या कलमाचा मूळ मसुदा तेहरानांतील एका मोठ्या मुज्तहिदाचा. एकाच कागदावर, एकाच शहाच्या सहीखालीं, राज्यसत्तेविषयींच्या दोन मीमांसा शेजारीं शेजारीं येऊन बसल्या. त्यांची तुलना करावयास याहून सोईचें स्थळ आम्हांस माहीत नाहीं.

इस्लामी राज्यशास्त्रांत सत्ता ईश्वराची व पाश्चात्त्य राज्यशास्त्रांत ती लोकांची, हें वाक्य इतक्या पुस्तकांतून फिरलें आहे कीं तें आतां सिद्धान्तासारखें वापरलें जातें. तें खोटें नाहीं. पण त्यानें फारसें कांहीं उलगडत नाहीं. सत्तेचें मूळ कोठें, याचें उत्तर कागदावर कोणालाही लिहितां येतें, आणि तें लिहिण्यास कांहीं खर्चही पडत नाहीं. खरी अडचण पुढें आहे. राज्यकर्त्याच्या वर एक कायदा आहे असें एकदां मानलें, तर तो मोडला जात आहे हें कोणीं सांगावयाचें? आणि सांगणाऱ्याला नेमण्याची व काढण्याची सत्ता त्याच राज्यकर्त्याच्या हातीं असेल तर काय व्हावयाचें? प्रस्तुत लेखांत या पहाऱ्याच्या अंगानेंच दोन्ही परंपरांकडे पाहण्याचें योजिलें आहे.

सुन्नी पंथाच्या राज्यमीमांसेचा आधारग्रंथ म्हणजे मावर्दीचा ‘अल्-अह्काम अस्-सुल्तानिय्या’. मावर्दी १०५८ सालीं वारला. त्याच्या हयातींत बगदादची खिलाफत नांवापुरती उरली होती. ९४५ पासून शहर बुवैही अमिरांच्या ताब्यांत होतें, आणि ते तर शियापंथी. अशा वेळीं मावर्दी इमामतीची, म्हणजे खलीफपदाची, जी व्याख्या करतो ती वाचून युरोपांतील करारवादी लेखकांची आठवण व्हावी. त्याच्या मतें इमामत हा एक ‘अक्द’, म्हणजे करार होय. एका बाजूस इमाम, दुसऱ्या बाजूस जमात, आणि जमातीच्या वतीनें तो करार करणारे ‘बांधण्या-सोडण्याचा अधिकार असलेले’ लोक. असे लोक किती हवेत याविषयीं मतभेद आहेत. कोणी पांच म्हणतात. कोणी तीन पुरेत म्हणतात, कारण विवाहाच्या करारालाही एक वली व दोन साक्षीदार एवढेच लागतात. आणि कोणी तर एकट्यानेंही काम भागतें असें म्हणतात. मावर्दी हीं सर्व मतें शांतपणें नोंदवितो. एकाच माणसानें निवडलेला इमाम साऱ्या जमातीचा इमाम ठरतो, यांत त्याला विसंगति दिसत नाहीं. कारण करार कोणीं केला यापेक्षां कराराच्या अटी कोणत्या, यावर त्याचें लक्ष आहे. अटी शरियतीनें आधींच ठरविलेल्या आहेत. उभय पक्षांनीं मिळून घडविण्यासारखें तेथें कांहीं उरत नाहीं.

लॉकच्या करारांत व या करारांत जो फरक आहे तो येथें दिसतो. लॉकच्या मतें माणसें करारानें राज्य निर्माण करतात, आणि त्या राज्यानें कायदे करावयाचे असतात. मावर्दीच्या मांडणींत कायदा आधीं आहे; राज्य नंतर येतें, तें त्या कायद्याच्या अंमलबजावणीकरितां. इमाम कायदा करीत नाहीं. कायदा शोधून काढणें हें फकिहांचें काम, आणि ते राज्याचे नोकर नव्हत. काजीला राजा नेमतो, परंतु काजी ज्या शास्त्रानें निवाडा करतो तें शास्त्र राजाच्या दफ्तरांत तयार होत नाहीं; तें मदरशांतून, टीकाग्रंथांतून व फतव्यांतून वाढतें. मदरशांना वक्फांचें उत्पन्न असे, व तें राजाच्या मर्जीपासून बरेंच दूर असे. सोळाव्या-सतराव्या शतकांतील युरोपच्या तुलनेनें पाहिलें तर कायद्याची राज्यसत्तेपासूनची ही फारकत फार मोठी आहे, व तिचें श्रेय इस्लामी परंपरेला मोकळेपणानें द्यावयास हवें.

पण मग पहारा कोणाचा? इमाम अन्यायी झाला तर त्याचें पद जातें, असें मावर्दी म्हणतो. तें पद जातें हें जाहीर कोणीं करावयाचें, कोणत्या सभेंत, कोणत्या रीतीनें, याचें कलम त्याच्या ग्रंथांत नाहीं. बळानें प्रांत बळकावणाऱ्या अमिराला खलीफानें सनद देऊन त्याची सत्ता कायदेशीर करावी, असें एक प्रकरण मात्र त्यांत आहे. पुढें गझालीनें गरजेच्या तत्त्वावर याहून अधिक सूट दिली. चौदाव्या शतकांत काहिऱ्याचा काजी इब्न जमाआ याच्यापर्यंत आपण येतों तेव्हां तर असें वाचावयास मिळतें कीं, एकानें बळानें सत्ता घेतली कीं तो इमाम, आणि दुसऱ्यानें त्याला हांकून दिलें कीं दुसरा इमाम; प्रजेनें फूट टाळण्यासाठीं त्याची आज्ञा पाळावी. कायदा वर होता, शुद्ध होता, पण राजवाड्याच्या दारावर त्याचा शिपाई नव्हता.

दरम्यान राजे लोक नियम करीतच होते. ज्या बाबतींत शरियत मुग्ध आहे, किंवा मुग्ध आहे असें म्हणतां येतें, त्या बाबतींत राजाला ‘सियासत’ म्हणून मोकळीक असे. दिल्लीच्या सुलतानशाहीचा इतिहासकार झियाउद्दीन बरनी अशा राजनियमांना ‘जवाबित’ म्हणतो. त्याचें एकवचन ‘जाबिता’, आणि जुन्या मराठी कागदांतील ‘कानूजाबता’ या जोडशब्दांत तोच शब्द आहे. १५७९ सालीं अकबराच्या दरबारांतील उलेमांनीं एका महजरावर सह्या केल्या. मुज्तहिदांमध्यें मतभेद असेल तेथें बादशहानें लोकहित पाहून एक मत निवडावें, व तें सर्वांवर बंधनकारक व्हावें, असा त्याचा मजकूर होता. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस महजर शब्द परिचित आहे: गोतानें जमून, साक्षी घेऊन, वतनाचा निवाडा लिहून दिला कीं त्या कागदाला महजर म्हणावयाचें. अकबरानें त्याच नांवाच्या कागदावर शास्त्रज्ञांकडून त्यांचाच अधिकार लिहून घेतला. सह्या करणाऱ्यांपैकीं सर्वांनीं त्या मनापासून केल्या नाहींत असें बदायुनी सांगतो. तरीही तो दरवाजा कसा उघडतो हें समजण्यास हा कागद फार उपयोगी आहे. लोकहित हा शब्द त्याची किल्ली. इराणच्या हकीकतींत तोच शब्द पुढें पुनः येईल.

आतां युरोपाकडे वळूं. सार्वभौमत्वाची पहिली व्यवस्थित मीमांसा फ्रान्सांतील जां बोदां यानें १५७६ सालीं केली. राज्यांतील निरपेक्ष व नित्य सत्ता ती सार्वभौम सत्ता, आणि कायदा करणें हें तिचें मुख्य लक्षण, असें तो म्हणतो. या एका पायरीनें युरोपाची वाट इस्लामी परंपरेपासून वेगळी झाली; कायदा शोधण्याची वस्तु न राहतां करण्याची वस्तु झाला. परंतु बोदांला निरीश्वर ठरविणें मोठी चूक होईल. त्याचा सार्वभौम राजा ईश्वरी व नैसर्गिक कायद्यानें बांधलेला आहे. प्रजेची मालमत्ता तिच्या संमतीवांचून त्याला घेतां येत नाहीं. गादीच्या वारशाचा सॅलिक नियम त्याला बदलतां येत नाहीं. हें सारें राजानें मोडलें तर? बोदांचें उत्तर असें कीं त्याचा जाब देव विचारील. येथें बोदां व मावर्दी एकाच ठिकाणीं येऊन थांबतात. दोघांनींही आपापल्या काळीं यादवी पाहिली होती, आणि अन्यायी राजापेक्षां राजा नसणें अधिक भयंकर असें दोघांनाही वाटत होतें.

पुढच्या अडीचशे वर्षांत इंग्लंडांत काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. सतराव्या शतकाच्या आरंभीं न्यायमूर्ति कोक राजाला सांगत होता कीं राजा ईश्वराच्या व कायद्याच्या खालीं आहे. १६१० च्या डॉ. बोनमच्या खटल्यांत तर पार्लमेंटचा कायदाही रूढ कायद्याच्या कसोटीला लावतां येईल असें त्यानें लिहिलें. तें मत इंग्लंडांत टिकलें नाहीं. राजाची सत्ता पार्लमेंटनें घेतली आणि निरपेक्षपणा तेवढा तसाच ठेवला. ऑस्टिननें १८३२ सालीं कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा अशी व्याख्या केली. डायसीनें १८८५ सालीं पार्लमेंटच्या अधिकाराला कायद्यानें मर्यादा नाहीं असें ठाम सांगितलें. अमेरिकेंत मात्र १८०३ पासून न्यायालय लिखित घटनेच्या आधारानें विधिमंडळाचा कायदा रद्द करूं लागलें. म्हणजे ‘पाश्चात्त्य मत’ म्हणून जें एकसंध दाखविलें जातें त्यांतच दोन घराणीं आहेत. एकांत राज्याच्या वर कायदा नाहीं. दुसऱ्यांत तो आहे, आणि त्याचा पहारेकरी राज्याच्याच वाड्यांत, पगारी न्यायाधीश म्हणून, बसविलेला आहे. इराण्यांनीं नमुना म्हणून बेल्जमची घटना निवडली. तींत राजाला बांधून घेण्याची सोय होती, पण विधिमंडळाच्या कायद्यावर न्यायालयाचा पहारा नव्हता. तो पहारा कोणाचा असावा हा प्रश्न तेहरानांत रिकामाच राहिला होता, आणि ती जागा दुसऱ्या कलमानें भरली.

आतां ती हकीकत थोडक्यांत सांगतों. डिसेंबर १९०५ मध्यें साखरेचे भाव चढले म्हणून तेहरानच्या गव्हर्नरानें कांहीं व्यापाऱ्यांना पायावर फटके मारविले, व त्यावरून बाजार बंद झाले. पुढच्या उन्हाळ्यांत मुज्तहिद राजधानी सोडून कूमला गेले, आणि हजारों लोक ब्रिटिश वकिलातीच्या आवारांत आश्रयाला जाऊन बसले. ऑगस्ट १९०६ मध्यें मुजफ्फरुद्दीन शहानें मजलिशीचें फर्मान काढलें. ७ ऑक्टोबरला मजलिस भरली. डिसेंबरच्या अखेरीस मूलभूत कायद्यावर सही झाली, आणि थोड्याच दिवसांत शहा वारला. त्या पहिल्या कायद्यांत मजलिशीची रचना होती. प्रजेच्या हक्कांविषयीं व सत्तेच्या मुळाविषयीं कांहीं नव्हतें. तें सर्व पुरवणींत आलें, आणि तिच्यासाठीं १९०७ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. मधल्या काळांत जो वाद झाला तो या विषयावरील सर्वांत मोलाचा वाद होय, असें आमचें मत आहे.

एका बाजूस शेख फजलुल्ला नूरी. याला अडाणी प्रतिगामी म्हणून सोडून देण्याची चाल आहे. ती सोईची असली तरी न्याय्य नाहीं. तेहरानांतील मुज्तहिदांत विद्वत्तेनें तो अग्रगण्य होता, आणि आरंभीं तो चळवळींत सामीलही होता. त्याचा मुख्य आक्षेप कायदेशीर होता. मजलिशीचे सभासद प्रजेचे ‘वकील’ म्हणवितात. वकिली म्हणजे जें काम माझें आहे तें दुसऱ्याकडून करविणें. माझें घर विकण्याला मी वकील नेमीन. परंतु सार्वजनिक कारभार हें माझें काम मुळींच नाहीं, तें ‘विलायती’चें, म्हणजे इमामाचें व त्याच्या अनुपस्थितींत शास्त्रज्ञांचें काम. जें माझें नाहीं त्याचें वकीलपत्र मीं कसें द्यावें? युक्तिवाद पक्का आहे. त्याचें उत्तर द्यावयाचें तर सार्वजनिक कारभार प्रजेचाच आहे असें धर्मशास्त्राच्या आधारानें सिद्ध करून दाखवावें लागतें.

तें काम नजफमध्यें झालें. तेथील आखुंद खुरासानी व त्याचे सहकारी हे शियाजगतांतील सर्वांत मोठे शास्त्रज्ञ. त्यांनीं मजलिशीचा पक्ष घेतला. त्यांच्या परिवारांतील मिर्झा महंमद हुसेन नाइनी यानें १९०९ सालीं एक छोटा ग्रंथ लिहिला. त्याच्या मांडणीप्रमाणें जुलमी राजवटींत एकाच वेळीं तीन हक्क हिरावले जातात: ईश्वराचा, कारण राजा स्वतःला निरंकुश म्हणवितो, इमामाचा, कारण त्याची जागा तो बळकावतो, आणि प्रजेचा, कारण तिच्या जीवितावर व वित्तावर तो हात टाकतो. घटनेनें राजाला बांधलें कीं पहिला व तिसरा अपहार बंद होतो. दुसरा राहतो, कारण इमाम गुप्त आहे. पण त्याला इलाज नाहीं. नाइनी यासाठीं वक्फाचा दाखला देतो. वक्फाची मिळकत कोणीं बळकावली व त्याला काढून टाकणें आपल्या शक्तीबाहेर असलें, तरी त्याच्यावर देखरेख मंडळ बसवून उधळपट्टी थांबवितां येत असेल तर तें करणें कर्तव्य होय. कोणत्याही काजीला हा दाखला कळला असता. राज्य ही खाजगी मालमत्ता नसून विश्वस्त निधि आहे, हें जें तत्त्व युरोपांत लॉकनें मांडलें, तेंच नाइनी मदरशांतल्या मिळकतीच्या कायद्यांतून काढतो. पाश्चात्त्य ग्रंथांवांचून त्याला तें सुचलें नसतें असें म्हणणाऱ्यांनीं वक्फावरील फिकहचीं प्रकरणें चाळावीं.

मात्र नूरीच्या आक्षेपांत आणखी एक कलम होतें, आणि तेथें नाइनीची बाजू अवघडली. तें समतेचें. पुरवणीचें आठवें कलम सर्व रहिवासी कायद्यासमोर सारखे असें सांगतें. यांत नूरीला धर्मशास्त्राचा उघड भंग दिसला. कारण शास्त्राप्रमाणें मुसलमान व जिम्मी यांचें रक्तमूल्य सारखें नाहीं, आणि जिम्मीच्या खुनाबद्दल मुसलमानाला देहांत शिक्षा होत नाहीं. हा वाद केवळ पुस्तकी नव्हता. इराणांत जरथुष्ट्री लोक थोडे उरले होते, आणि त्यांच्या पाठीशीं मुंबई होती. मुंबईच्या पारशांनीं मंडळी स्थापून १८५४ सालीं माणेकजी लिमजी हातरिया यांस इराणास पाठविलें होतें, आणि दीर्घ खटपटीनंतर १८८२ सालीं नासिरुद्दीन शहानें जरथुष्ट्र्यांवरील जिझिया माफ केला होता. पहिल्या मजलिशींत अरबाब जमशीद हा व्यापारी जरथुष्ट्र्यांचा प्रतिनिधि म्हणून बसला; ज्यू व आर्मेनियन यांनीं आपलें प्रतिनिधित्व दोघा मुज्तहिदांच्या हातीं दिलें होतें. १९०७ सालीं यज्दमध्यें व १९०८ च्या आरंभीं तेहरानांत एकेका जरथुष्ट्री व्यापाऱ्याचा खून झाला, तेव्हां ‘सारखे’ या शब्दाची किंमत साऱ्या शहराला कळली.

आठव्या कलमाचा शेवटचा पाठ लक्षपूर्वक वाचावा. तेथें रहिवासी कायद्यासमोर सारखे असें नुसतें म्हटलेलें नाहीं. ‘कानून-इ-दौलती’समोर, म्हणजे सरकारी कायद्यासमोर, सारखे असें म्हटलें आहे. एका विशेषणानें तडजोड झाली. सरकारी कायदा एक, शरियत दुसरी. पहिल्यांत समता, दुसरींत पूर्ववत्. एकाहत्तराव्या कलमांतही धर्मशास्त्राच्या बाबतींतील निवाडा पात्र मुज्तहिदांकडे ठेवला आहे. बरनीचे जवाबित व शरियत, कानूजाबता व धर्म, हीच जुनी वाटणी बेल्जमच्या सांच्यांत पुनः बसविलेली आपणांस येथें दिसते.

दुसरें कलम हें या वाटणीच्या बांधावरचा पहारा. रीत अशी ठरली कीं, श्रेष्ठ शास्त्रज्ञांनीं वीस मुज्तहिदांचीं नांवें सुचवावीं, मजलिशीनें त्यांतून पांच किंवा अधिक एकमतानें अथवा चिठ्ठ्या टाकून निवडावे, आणि त्यांनीं शास्त्रविरुद्ध ठरविलेला मसुदा कायदा होऊं नये. नूरीला स्वतंत्र मंडळ हवें होतें. निवडीचा दोर मजलिशीनें आपल्या हातीं ठेवला. त्यावर तो शहाच्या बाजूस गेला. २३ जून १९०८ रोजीं महंमद अली शहाच्या कोसॅक पलटणीनें मजलिशीच्या इमारतीवर तोफा डागल्या. वर्षभरानें घटनापक्षानें तेहरान घेतलें, शहा पदच्युत झाला, आणि ३१ जुलै १९०९ रोजीं नूरीला भर चौकांत फांशी देण्यांत आलें. दुसऱ्या मजलिशींत मुज्तहिदांचें मंडळ निवडण्यांत आलें. पुढें पार्लमेंटांतील वक्ता म्हणून गाजलेला मुदर्रिस त्यांतूनच आला. त्यानंतर हें कलम कागदावर राहिलें, काम मात्र बंद पडलें. पहलवी राजांनीं तें रद्द केलें नाहीं. त्यांनीं त्याकडे पाहिलेंच नाहीं.

न बदलतां येणारें कलम म्हणून या दुसऱ्या कलमाची पाश्चात्त्य लेखकांनीं पुष्कळ थट्टा केली आहे. ती थट्टा १९४९ नंतर करणें कठीण झालें. त्या वर्षीं २३ मे रोजीं जाहीर झालेल्या जर्मनीच्या मूलभूत कायद्यानें मानवी प्रतिष्ठेचें तत्त्व व आणखी कांहीं पाये कोणत्याही बहुमतानें बदलतां येणार नाहींत असें ठरविलें, आणि एक घटना-न्यायालय त्यांच्यावर पहारेकरी नेमलें. हिंदुस्थानांत १९७३ सालीं केशवानंद भारती खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें घटनेचा मूळ सांगाडा संसदेच्या आवांक्याबाहेर ठेवला. त्यासाठीं घटनेंत स्पष्ट कलमही नव्हतें. ईश्वराच्या नांवाचीही गोष्ट तशीच. आयर्लंडची १९३७ ची घटना पवित्र त्रिमूर्तीच्या नांवानें सुरू होते, व तिचें सहावें कलम सर्व सत्ता ‘ईश्वराखालीं’ लोकांपासून येतात असें सांगतें. पाकिस्तानच्या घटनासमितीनें १२ मार्च १९४९ रोजीं संमत केलेला उद्दिष्टांचा ठराव याहून फार दूर नाहीं. सार्वभौमत्व ईश्वराचें, आणि लोकांच्या द्वारें राज्याला मिळालेली सत्ता ही एक पवित्र ठेव, असें त्यांत आहे.

दोन्ही मजकूर सारखे असतां परिणाम सारखे कां झाले नाहींत, हें पाहावयाचें तर पुनः पहाऱ्याकडेच जावें लागतें. घटनासमितींतील हिंदु सभासदांनीं ठरावाला विरोध केला. श्रीशचंद्र चट्टोपाध्याय यांची भीति अशी होती कीं ईश्वराच्या नांवानें कोण बोलणार हें ठरावांत लिहिलेलें नाहीं. त्यांच्या दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या. पुढें हा ठराव घटनेच्या प्रस्तावनेंत राहिला. १९८५ सालीं जनरल झिया यांच्या राजवटींत तो ‘२-अ’ म्हणून प्रत्यक्ष कलम झाला, आणि अल्पसंख्याकांना आपला धर्म ‘मोकळेपणानें’ पाळतां यावा, या वाक्यांतला ‘मोकळेपणानें’ हा शब्द त्या वेळीं गळला. तो २०१० सालीं अठराव्या दुरुस्तीनें परत आला. हें नवें कलम घटनेच्या इतर कलमांहून श्रेष्ठ आहे काय, हा प्रश्न मध्यंतरीं न्यायालयांत गेला. १९९२ सालीं हाकिम खान खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें नाहीं असें उत्तर दिलें, व विसंगति असल्यास ती पार्लमेंटनें दूर करावी असें म्हटलें. ईश्वरी सार्वभौमत्वाचा अर्थ शेवटीं पाश्चात्त्य धर्तीच्या न्यायालयानेंच लाविला, आणि तो पार्लमेंटच्या पदरांत टाकला.

इराणांत १९७९ सालीं याच्या उलट दिशेनें पाऊल पडलें. नव्या घटनेनें दुसऱ्या कलमाचें मृत मंडळ जिवंत केलें. सहा फकीह व सहा कायदेपंडित असें पालक-मंडळ झालें; मजलिशीचा प्रत्येक मसुदा त्याच्याकडे जाऊं लागला. १९०७ चे मुज्तहिद मजलिशीनें निवडावयाचे होते. १९७९ चे फकीह सर्वोच्च नेत्यानें नेमावयाचे झाले, आणि तो नेता स्वतः फकीह. नूरीला हवें होतें त्याहून हें अधिक होतें. हजार वर्षें राज्याबाहेर राहून राज्याला नाहीं म्हणणारा वर्ग आतां राज्याच्या आंत आला.

आंत आल्यावर काय झालें हें फार बोधक आहे. मजूर कायदा, जमीन कायदा असे मसुदे मजलिस पुनः पुनः संमत करी, आणि पालक-मंडळ करारस्वातंत्र्य व मालमत्ता यांवरील शास्त्राच्या आधारानें ते परत पाठवी. पहारा खराच चालूं लागला होता. राज्य मात्र अडलें. जानेवारी १९८८ मध्यें आयातुल्ला खोमेनी यांनीं एका पत्रानें निर्णय दिला कीं राज्य चालविणें हीच इस्लामची प्राथमिक आज्ञा असून ती नमाज, रोजा व हज यांच्याही आधीं येते. पुढच्या महिन्यांत मजलिस व पालक-मंडळ यांच्या तंट्यांत राज्याचें हित पाहून निवाडा देणारें एक मंडळ स्थापन झालें, आणि १९८९ च्या दुरुस्तीनें तें घटनेंत आलें. त्याच्या नांवांतील मुख्य शब्द ‘मस्लहत’. आपल्या जुन्या कागदांतली ‘मसलत’ ती हीच, फक्त आपल्याकडे तिचा अर्थ सल्ला, बेत, मोहीम असा झाला. मूळ अर्थ हित. अकबराच्या महजरांतील लोकहिताची किल्ली चारशें नऊ वर्षांनीं कूमच्या शास्त्रपरंपरेंतील सर्वांत समर्थ माणसानें पुनः फिरविली. कायद्याला बाजूस सारणारी, राज्याच्या हितासाठीं वापरावयाची सत्ता कोठें तरी असलीच पाहिजे, हें बोदांचें म्हणणें त्यानें एका अर्थानें मान्य केलें. बोदांच्या राजाला ईश्वरी कायदा तरी मोडतां येत नव्हता.

एवढ्यावरून हें नवें मंडळ म्हणजे केवळ निरंकुशतेचें दार, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण आठव्या कलमाची गोष्ट अजून पुरी व्हावयाची आहे. १९७९ च्या घटनेनें जरथुष्ट्री, ज्यू व ख्रिस्ती यांना मान्य अल्पसंख्याक ठरवून मजलिशींत जागा दिल्या. रक्तमूल्याचा भेद मात्र शास्त्राप्रमाणें तसाच राहिला. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं मजलिशीनें तो भेद काढणारा मसुदा संमत केला. पालक-मंडळानें तो शास्त्रविरुद्ध म्हणून परत पाठविला. मग तो मस्लहतीच्या मंडळापुढें गेला, आणि २००३ सालीं त्यानें राज्याचें हित म्हणून त्याला मान्यता दिली. मान्य धर्मांच्या यादींत ज्यांचें नांव नाहीं त्या बहाईंना या निर्णयाचा लाभ झाला नाहीं.